इतका घाम येतो, त्याचं करायचं काय?

भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला घाम का आला, असं कुणी विचारत नाही. प्रश्न पडतात ते वेगळ्याच ठिकाणी. एकाच लाइनवर, एकाच पंख्याखाली दोघं काम करतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकाचा शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि दुसऱ्याचा जवळजवळ कोरडा. असं का? आयटीआयच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीचे तळवे डिसेंबरातही ओले असतात, व्हर्नियर हे मापाचं अवजार हातात धरवत नाही. तिला उकडत नसताना घाम कुठून येतो? रात्रपाळी करून आलेला माणूस उशी भिजवून जागा होतो. हे कशाचं लक्षण तर नाही?

पुण्याजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, भोसरी, आकुर्डी, चिंचवडपासून चाकण, महाळुंगे, निघोज्यापर्यंत असे प्रश्न घरोघरी निघतात. उत्तर बहुतेकांना एकच मिळतं: अंगात उष्णता आहे, कांदा खा, ताक पी. पण हे तीन प्रश्न तीन वेगळ्या घामांबद्दलचे आहेत. पहिला कामाचा घाम. तो थांबवायचा नसतो. दुसरा गरज नसताना येणारा घाम. तो बऱ्याच अंशी आटोक्यात आणता येतो. तिसरा दुसऱ्या आजारामुळे येणारा. तिथे मूळ आजार शोधावा लागतो. आपला घाम यातला कुठला, हे ठरवल्याशिवाय कुठलाही उपाय करू नये, हे या प्रकरणाचं सार आहे.

१. कामाचा घाम

आपल्या त्वचेत साधारण २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. काम करताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिच्यातला साधारण पाचवा हिस्साच प्रत्यक्ष कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते आणि ती शरीराबाहेर टाकावी लागते.

आता एक छोटं गणित करू. उभ्यानं, उचल-ठेव करत काम करणाऱ्या माणसाच्या शरीरात ताशी ३०० किलोकॅलरी उष्णता तयार होते असं धरा. ६० किलो वजनाच्या माणसाचं तापमान एक अंशानं वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता आतच कोंडली, तर तासाभरात शरीराचं तापमान ६ अंशांनी वाढेल. इतकं वाढलं तर माणूस जगणार नाही. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणून अर्ध्या लिटरहून थोडा जास्त घाम वाळला, की त्या तासाचा हिशेब मिटतो.

यात ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा. माठाच्या भिंतीतून पाणी झिरपतं, बाहेर वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता नेतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी गार लागतं. जूनमध्ये पावसाच्या तोंडावर हवा दमट झाली, की माठ बाहेरून ओलाच राहतो आणि पाणी तितकं गार होत नाही. आपल्या अंगाचंही तसंच होतं. थेंब थेंब जमिनीवर टपकलेला घाम शरीराला गार करत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. म्हणून शॉप फ्लोअरवर हवा खेळती राहणं, पंख्याचा झोत कामाच्या जागेपर्यंत पोचणं आणि भट्टीची धग अडवणारा आडोसा असणं हे घामाला त्याचं काम करू देणारे उपाय आहेत.

२. शेजाऱ्यापेक्षा जास्त का?

ज्याचं वजन जास्त, त्याच्या शरीरात उष्णता जास्त तयार होते. पण सवयीचाही यात मोठा वाटा असतो. गरम जागी रोज काम केलं, की ७ ते १४ दिवसांत शरीर बदलतं: घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. त्यामुळे भट्टीवरच्या जुन्या कामगाराला नव्यापेक्षा जास्त घाम येऊ शकतो, आणि तो तब्येत कमकुवत असल्याचं लक्षण नसतो. त्याचं शरीर त्या कामाला सरावलेलं असतं.

धोका नव्या माणसाला असतो. ‘नायॉश’ ही अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था सांगते, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्ण जागी २० टक्केच वेळ द्यावा आणि रोज फार तर २० टक्क्यांनी वाढवावा. आठ तासांच्या पाळीत पहिल्या दिवशी हा वेळ सुमारे दीड तास होतो. उरलेली पाळी त्याला दुसरीकडे काम द्यायचं. जुना कामगार मोठ्या रजेवरून परतला, तर त्याच्यासाठी ५०, ६०, ८०, १०० टक्के अशा चार दिवसांच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. मे महिन्यात लग्नकार्यासाठी गावी जाऊन आलेला माणूस तोच असतो, पण त्याच्या शरीराची सवय मोडलेली असते. नव्या कॉन्ट्रॅक्ट कामगाराला पहिल्याच दिवशी फोर्जिंगच्या हातोड्याजवळ पूर्ण पाळी उभं करणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं आहे.

३. गेलेलं पाणी मोजून भरा

किती घाम जातो, हे वजनकाट्यावर कळतं. समजा, पाळी सुरू होताना वजन ६४ किलो होतं. चार तासांनी, डबा खाण्याआधी ते ६३.२ भरलं. मधल्या वेळात १.२ लिटर पाणी प्यायलं आणि लघवीला जाणं झालं नाही. म्हणजे घाम गेला ०.८ अधिक १.२, एकूण २ लिटर. ताशी अर्धा लिटर. वजनाच्या २ टक्के पाणी कमी झालं, की लक्ष आणि कामाचा वेग दोन्ही घसरायला लागतात. ६४ किलोच्या माणसासाठी ही मर्यादा सुमारे १.३ किलो आहे.

तहान लागेपर्यंत थांबू नका. उष्ण जागी दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण २०० ते २५० मिलिलिटर पाणी पुरे. एका तासात दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नका. नुसतं पाणी बेसुमार प्यायल्यानं रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. भाजी-भाकरीच्या दोन वेळच्या जेवणातून बहुतेकांचं मीठ भरून निघतं. पाळीभर निथळणाऱ्यानं मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी घ्यावं. पायात गोळे येत असतील तर ओआरएस घ्यावं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मीठ आणि पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

इथे बायकांचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. स्वच्छतागृह लांब असलं, किंवा लाइन सोडून जायला परवानगी मागावी लागत असली, की अनेकजणी पाळीभर पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात याची किंमत मूत्रमार्गाचे संसर्ग आणि मुतखडा अशी मोजावी लागते. पाण्याची सोय आणि स्वच्छतागृहाची सोय एकाच वेळी व्हायला हवी. एक असून दुसरी नसेल, तर पहिलीचा उपयोग होत नाही.

४. उकडत नाही, तरी घाम

आता त्या मुलीच्या तळव्यांकडे येऊ. तळहात-तळपायांचा घाम बाकीच्या अंगाच्या घामापेक्षा वेगळा वागतो, हे जपानी शास्त्रज्ञ यास कुनो यांनी १९३४ मध्ये मानवी घामावरच्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडलं. बाकीचं अंग मुख्यतः उष्णतेमुळे घामेजतं. तळवे मनावरच्या ताणाला आणि उत्तेजनेला प्रतिसाद देतात. काही लोकांत या ग्रंथींना मज्जातंतूंकडून मिळणारा हुकूम गरजेपेक्षा फार जोराचा असतो. ग्रंथींची संख्या किंवा आकार जास्त असतो असं नाही, त्यांना मिळणारा इशारा जास्त असतो. या अवस्थेला डॉक्टर ‘हायपरहायड्रोसिस’ म्हणतात.

डॉक्टर ती कशी ओळखतात? दुसरं कारण नसताना सहा महिन्यांहून जास्त काळ ठरावीक जागी खूप घाम येतो, आणि पुढच्यापैकी किमान दोन गोष्टी जुळतात: दोन्ही बाजूंना सारखाच घाम, रोजच्या कामात अडथळा, आठवड्यातून एकदा तरी त्रास, सुरुवात पंचविशीच्या आत, घरात आणखी कुणाला तसाच त्रास, आणि झोपेत घाम थांबणं. तळवे, तळपाय, काख आणि चेहरा या त्याच्या नेहमीच्या जागा.

हे दुर्मीळ नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत शंभरातल्या सुमारे तिघांना हा त्रास आढळला. तेच प्रमाण इथे धरलं, तर २०० जणांच्या पाळीत असे सहाजण निघतील. त्यातल्या बहुतेकांना हा आजार आहे आणि त्याला औषध आहे, हे कुणी सांगितलेलंच नसतं. ‘तू घाबरट आहेस म्हणून हात ओले होतात’ असं मात्र वारंवार ऐकवलेलं असतं. घाबरण्यानं घाम वाढतो हे खरं, पण मूळ दोष स्वभावात नसतो. हात ओले होतील या काळजीनंच हात आणखी ओले होतात, आणि मग माणूस हात पुढे करायचंच टाळतो.

५. ओले हात आणि यंत्र

आपल्या पट्ट्यात या त्रासाला एक वेगळी बाजू आहे. घामात मीठ असतं आणि मिठामुळे लोखंड गंजतं. पॉलिश केलेल्या पार्टवर किंवा बेअरिंगवर ओलं बोट लागलं, की काही वेळात तिथे बोटाचा ठसा गंजून उठतो. काहींच्या हातानं हे इतरांपेक्षा फार लवकर होतं. अशा वेळी पार्ट रिजेक्ट होतो आणि ठपका माणसाच्या निष्काळजीपणावर येतो. स्लिप गेजसारखी अचूक मापं तर कुणीच उघड्या हातानं धरू नयेत. तपासणीच्या टेबलावर पातळ, धागे न सुटणारे हातमोजे आणि काम झाल्यावर गंजरोधक तेलाचा हात, एवढ्यानं हा प्रश्न बराचसा सुटतो.

पण हातमोजे सगळीकडे चालत नाहीत. लेथ किंवा ड्रिलिंग मशीनवर फिरत्या भागात मोजा अडकला, तर तो हात आत ओढून नेतो. तिथे मोजे घालायचेच नाहीत. हात पुसायला कोरडं कापड जवळ ठेवायचं आणि पुसायचा तो यंत्र थांबवूनच.

वेल्डिंगमध्ये ओली त्वचा थेट जिवावर बेतू शकते. कोरड्या त्वचेचा विजेला होणारा विरोध १ लाख ओहमपर्यंत असू शकतो. ओली झाली की तो १,००० ओहमपर्यंत उतरतो. वेल्डिंग मशीनचा मोकळा दाब ८० व्होल्ट धरा. कोरड्या त्वचेतून ८० भागिले १,००,०००, म्हणजे एक मिलिअँपिअरहून कमी प्रवाह जाईल. ओल्या त्वचेतून ८० भागिले १,०००, म्हणजे ८० मिलिअँपिअर. एवढा प्रवाह छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणून वेल्डरनं भिजलेले मोजे बदलायलाच हवेत. मोज्यांची दुसरी कोरडी जोडी मागणं हा त्याचा हक्क आहे.

पेंट शॉपमध्ये आणखी एक अडचण. घाम लपवायला लावलेल्या काही डिओंमध्ये आणि क्रीममध्ये सिलिकोन असतं. त्याचा अंश पृष्ठभागावर पडला, की रंगात बारीक खड्डे उठतात. म्हणून अशा विभागांत ती वापरायला बंदी असते. तिथे काम करणाऱ्यानं डॉक्टरांना हे आधीच सांगावं, म्हणजे ते त्याप्रमाणे औषध निवडतील. हजेरीच्या यंत्रावर ओला अंगठा ओळखला गेला नाही, तर बोट कोरडं पुसून पुन्हा लावा. रोजच असं होत असेल, तर कार्ड किंवा चेहऱ्यावरून हजेरीची सोय लेखी मागा.

६. उपचार, पायरीपायरीनं

या भागातलं सगळं गरज नसताना येणाऱ्या घामाबद्दल आहे. कामाच्या घामावर ते वापरू नका.

पहिली पायरी, लावायचं औषध. नुसता डिओ वास झाकतो, घाम थांबवत नाही. घाम कमी करणाऱ्या औषधात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घर्मनलिकेच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात. डॉक्टर बहुधा १० ते २० टक्क्यांचं ॲल्युमिनियम क्लोराइड देतात. ते रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचं आणि सकाळी धुवायचं. रात्री अशासाठी, की तेव्हा हा घाम थांबलेला असतो आणि औषध टिकतं. ओल्या किंवा नुकत्याच केस काढलेल्या त्वचेवर लावलं तर आग होते. फरक पडला, की आठवड्यातून एक-दोनदा पुरतं.

दुसरी पायरी, पाण्यातून सौम्य वीजप्रवाह. याला ‘आयन्टोफोरेसिस’ म्हणतात. साध्या नळाच्या पाण्याच्या दोन ट्रेमध्ये तळवे किंवा तळपाय बुडवून २०-३० मिनिटं अगदी थोडा प्रवाह सोडतात. सुरुवातीला आठवड्यातून तीन-चार वेळा, नंतर फरक टिकवण्यापुरतं. गरोदर बाई, पेसमेकर बसवलेला माणूस, आणि अपघातानंतर हातापायात रॉड किंवा प्लेट असलेल्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. घरी तारा जोडून हा प्रयोग कधीही करू नका.

तिसरी पायरी, बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं. काखेत त्यांचा परिणाम साधारण सहा महिने टिकतो, पण खर्च मोठा असतो.

चौथी पायरी, गोळ्या. ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन मज्जातंतूचा इशारा अडवतात, पण सगळ्या अंगाचा. तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होऊ शकते, लघवी अडू शकते. सर्वात मोठा धोका म्हणजे कामाचा घामही कमी होतो. फाउंड्रीत, हीट ट्रीटमेंटला किंवा उन्हात काम करणाऱ्यानं अशी गोळी स्वतःच्या मनानं घेतली, तर उष्माघात ओढवू शकतो. ड्रायव्हर आणि क्रेन ऑपरेटरनं धूसर नजरेचा विचार करावा. डॉक्टरांना नुसता घाम सांगू नका, कामही सांगा.

शेवटची पायरी, छातीतला मज्जारज्जूलगतचा मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया. तळवे कोरडे होतात, पण अनेकांना त्यानंतर पाठीला आणि पोटाला भरपूर घाम येऊ लागतो, आणि तो बदल बहुधा कायमचा असतो. बाकी सगळं करून झाल्यावरच तिचा विचार करावा.

७. बूट, वास, नायटा

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जीवाणू काखेतल्या घामाचं विघटन करतात तेव्हा वास येतो. पाळी संपल्यावर अंघोळ आणि रोज धुतलेला बनियन हा त्यावरचा सर्वात स्वस्त इलाज आहे. सेफ्टी शूज एका रात्रीत आतून वाळत नाहीत. शक्य असेल तर दोन जोड आलटून-पालटून वापरा आणि जेवणाच्या सुट्टीत पायमोजे बदला.

जांघेत, काखेत गोल, खाजणारा चट्टा उठला, तर तो बहुधा नायटा असतो. मेडिकलमधून मागून आणलेल्या अनेक मिश्र क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण नायटा पसरत राहतो आणि नंतर महिनोन्‌महिने हटत नाही. हे क्रीम डॉक्टरांशिवाय लावू नका. आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकच टॉवेल वापरू नये.

८. दुसऱ्या आजाराचा घाम

पत्र्याच्या खोलीत दिवसा झोपलं, तर कुणीही घामानं भिजेल. ती खोलीची उष्णता आहे. पण हवा थंड असताना, बाकीचे कोरडे असताना तुम्हालाच कपडे बदलण्याइतका घाम येत असेल, सोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा उतरतं वजन असेल, तर क्षयाची तपासणी करा. ती सरकारी केंद्रांवर मोफत होते. पंचविशीनंतर नव्यानं सुरू झालेला, सगळ्या अंगाला येणारा घाम थायरॉइड, काही औषधं किंवा बायकांमध्ये पाळी जाण्याचा काळ यांमुळे असू शकतो.

तीन प्रसंगी वाट पाहू नका. छातीत दुखतंय किंवा दडपल्यासारखं होतंय आणि दरदरून थंड घाम सुटलाय: हा हृदयविकाराचा झटका असू शकतो, लगेच १०८ला फोन करा. मधुमेहाचं औषध घेणारा माणूस जेवण चुकल्यावर थरथरतोय आणि घामेजलाय: शुद्धीवर असेल तर लगेच साखर द्या. उष्ण जागी काम करणारा माणूस असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय: हा उष्माघात आहे. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज चुकीचा आहे. कष्टाच्या कामात अंग ओलं असतानाही तो होतो. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर भरपूर पाणी ओता, पंखा लावा. मान, काख, जांघेत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

९. कुणी काय करायचं

१९४८च्या कारखाने कायद्यातच हवा आणि तापमान (कलम १३), पिण्याचं पाणी (कलम १८), हातपाय धुण्याची सोय (कलम ४२) आणि ओले कपडे वाळवण्याची जागा (कलम ४३) यांची तरतूद होती. अडीचशेहून जास्त कामगार असतील, तिथे उन्हाळ्यात गार पाणी देणं बंधनकारक केलं होतं. पाणी, खेळती हवा, धुण्याची सोय या जबाबदाऱ्या २०२०च्या नव्या कामगार-सुरक्षा संहितेतही मालकावरच आहेत. तेव्हा शॉपमध्ये पाणी किंवा पंखा मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे.

तपासणीसाठी कामगार विमा योजनेचं (ईएसआय) कार्ड असेल तर ते वापरा. २०१७ मध्ये त्याची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये झाली, आणि कॉन्ट्रॅक्ट कामगारही त्यात येतात. कार्ड नसेल, तर पिंपरीतलं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा पुण्याचं ससून इथून सुरुवात करता येईल. जाताना चार गोष्टी लिहून न्या: घाम कुठे येतो, कितव्या वर्षी सुरू झाला, झोपेत थांबतो का, आणि तुम्ही नेमकं काय काम करता. या चार उत्तरांवरूनच डॉक्टरांना निम्मं निदान होतं.

सुपरवायझर, शिक्षक आणि घरच्यांना एक कळकळीची विनंती. ओल्या हाताच्या मुलाला सगळ्यांसमोर हसू नका. त्यानं तो हात निवडलेला नाही. त्याला कोरडं कापड द्या, जमेल ते काम द्या, आणि आठवडी सुट्टीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायला अर्धा दिवस मोकळा द्या.